फोटोशॉपमधला थ्रीडी मेनू गेला, आता मॉडेल फोटोत कसं बसवायचं?

खुर्चीचं मॉडेल खोलीच्या फोटोत बसवायचंय, पण नव्या फोटोशॉपमध्ये थ्रीडीचे पर्याय सापडत नाहीत. बाहेरून रेंडर (मॉडेलवरून तयार केलेलं चित्र) आणून ठेवलं तर ते चिकटवल्यासारखं दिसतं. तुमची अडचण मला अशी समजली.

मेनू शोधण्यात वेळ घालवू नका. ही सोय २००७ च्या सीएस३ एक्स्टेंडेडमध्ये आली आणि २०२१ पासून अडोबीने ती काढायला घेतली. त्यासाठी जुनी आवृत्ती जपून ठेवा, असं मी सुचवणार नाही. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. रेंडर तिथे करा, फोटोशॉपमध्ये फक्त जुळवाजुळव.

आता खरा प्रश्न. रेंडर उपरं दिसलं की सगळे आधी सावलीच्या मागे लागतात. माझं ठाम मत आहे की आधी पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेवरून वस्तू कशी दिसते ते, तपासावं. फरशीच्या समांतर सांध्यांच्या रेषा मागे वाढवा. त्या मिळतात तिथे क्षितिजरेषा. कॅमेरा सरळ धरून दीड मीटरवरून फोटो काढला असेल, तर ही रेषा खोलीतल्या प्रत्येक वस्तूला दीड मीटर उंचीवरच छेदते. म्हणजे ९० सेंटीमीटरच्या खुर्चीची पाठ, मागच्या पायांपासून रेषेपर्यंतच्या अंतराच्या तीन पंचमांशावर यायला हवी. ती रेषेच्या वर गेली, तर सावली कितीही सुंदर काढा, डोळा फसत नाही. आणि अशा वेळी फोटोशॉपमध्ये रेंडर ताणून-वाकवून बसवू नका. ब्लेंडरचा कॅमेराच बदला. एफस्पाय हे मोफत साधन एका फोटोवरून कॅमेऱ्याचा कोन आणि फोकल लेंथ काढून देतं. मात्र फोटो क्रॉप केलेला नको, कारण चित्राचा मध्य हाच लेन्सचा मध्य असं ते धरून चालतं.

सावलीसाठी ब्लेंडरमधलं सायकल्स हे रेंडर इंजिन घ्या, जमिनीच्या प्लेनला (सपाट पृष्ठाला) शॅडो कॅचर लावा, म्हणजे जमीन न दिसता फक्त तिच्यावरची सावली उरते, आणि रेंडरच्या फिल्म सेटिंगमध्ये ट्रान्स्परंट (पारदर्शक पार्श्वभूमी) चालू करा. मी सावली वेगळी रेंडर करतो: खुर्ची फक्त कॅमेऱ्यापासून लपवायची, सावली पडतच राहते. खुर्चीच्या रेंडरवेळी मग शॅडो कॅचर बंद ठेवायचा, नाहीतर सावली दोनदा पडेल. फोटोशॉपमध्ये ही सावली वेगळ्या लेयरवर मल्टिप्लाय मोडमध्ये (यात खालचं चित्र फक्त गडद होतं) ठेवली की तिचा रंग खोलीतल्या इतर सावल्यांशी जुळवता येतो. त्या क्वचितच निव्वळ काळ्या असतात. फोटोतली सावली नीट बघा: टेबलाचा पाय टेकतो तिथे कडा रेखीव, पुढे पसरट. खिडकी मोठी असेल तर हा पसरटपणा लवकर सुरू होतो, म्हणून ब्लेंडरमधला दिवाही तेवढाच मोठा हवा.

खुर्चीचे रंग फिके वाटले तर ब्लेंडरचा व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे रेंडरचे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारं सेटिंग, बघा. ब्लेंडर ४.० पासून तो मुळात एजीएक्स असतो, आणि त्यात रंग थोडे फिके होतात. कापडाचा रंग तंतोतंत हवा असेल तर स्टँडर्ड ठेवा. शेवटी फोटोत जेवढा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) आहे तेवढा रेंडरवर द्या.

रेंडरची पीएनजी फाइल फोटोशॉपमध्ये प्लेस लिंक्ड करूनच आणा, म्हणजे ती मूळ फाइलशी जोडलेली राहते. पुन्हा रेंडर करून त्याच नावाने सेव्ह केलं की लिंक अपडेट होते, आणि वरचे मास्क, करेक्शन सगळं जागच्या जागी राहतं.