सासऱ्यांचा ॲस्बेस्टॉसचा क्लेम: आमच्या घरी काय झालं ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुमचे सासरे १९६६ ते ७० अमेरिकन नेव्हीत, डिस्ट्रॉयरवर बॉयलरच्या कामाला, आता सीटी स्कॅनमध्ये ॲस्बेस्टोसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) निघालाय आणि कुणीतरी सांगितलंय की पॅक्ट ॲक्ट या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे आता पैसे आपोआप मिळतात, फक्त चांगला वकील गाठा. तर वकील तूर्तास राहू द्या आणि ते "आपोआप" आधी डोक्यातून काढा. ऑगस्ट २०२२चा तो कायदा मुख्यतः बर्न पिट (लष्करी तळावरचे कचरा जाळायचे खड्डे) आणि एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) यांचा त्रास झालेल्यांसाठी आहे, ॲस्बेस्टॉसची केस आजही ज्याची त्यानेच सिद्ध करायची असते. हां, बोट व्हिएतनामच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत गेली असेल तर एजंट ऑरेंजचं वेगळं बघून ठेवा, पण एजंट ऑरेंजच्या आजारांच्या यादीत ॲस्बेस्टोसिस नाही.

आज रात्रीच करायचं काम म्हणजे व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या साइटवर "इंटेंट टू फाइल" (क्लेम करणार असल्याची नोंद) टाका. पाच मिनिटं लागतात, आणि वर्षभरात पूर्ण क्लेम भरलात तर पैसे साधारण याच तारखेपासून धरतात. मग डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांपैकी कुणाचातरी सर्व्हिस ऑफिसर गाठा, हे लोक फुकट काम करतात. पहिल्या निर्णयाआधी वकिलाला फी घेताच येत नाही, त्यामुळे आत्ताच कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आता आमची गंमत. आमचे सासरे इंजिन रूमवाले, वाफेच्या बोटीवर चार वर्षं. मी फॉर्म भरायला बसले आणि विचारलं, ॲस्बेस्टॉस हाताळलंत का? ठाम नाही म्हणाले! मी तसंच लिहिणार होते. मग जेवताना सहज विचारलं, की व्हॉल्व्ह गळायला लागला की काय करायचात? तर तासभर बोलत बसले. आधी पाइपवरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) हाताने फोडायचं, जुनं गॅस्केट वायरब्रशने खरवडायचं, काम झालं की बादलीत पांढरा "मड" कालवून पाइपवर थापायचा, आणि तोफा सुटल्या की वरच्या पाइपांवरची धूळ थेट अंथरुणावर पडायची, ती झटकून झोपायचे. हे सगळं ॲस्बेस्टॉसच, पण त्यांच्या तोंडी तो शब्दच नव्हता हो, ते सगळं लॅगिंग नाहीतर मड! म्हणून तुमच्या सासऱ्यांना ॲस्बेस्टॉसबद्दल विचारू नका, रोजच्या कामाबद्दल विचारा, आणि त्यांच्याच शब्दांत लिहून सही घ्या. बरोबरचा कुणी जिवंत असेल तर त्याचंही पत्र घ्या.

डीडी-२१४, म्हणजे नेव्हीतून सुटताना मिळालेल्या कागदावर त्यांचं नेव्हीतलं काम लिहिलेलं असतं. कुठल्या कामात ॲस्बेस्टॉसशी संबंध येण्याची शक्यता किती, याचा व्हीएकडे तक्ता आहे, त्यात बॉयलरवाले "हायली प्रोबेबल"मध्ये येतात, ऑफिसात टायपिंग करणारा यओमन "मिनिमल"मध्ये. म्हणजे तुमची ती बाजू भक्कम आहे. कागद हरवला असेल तर सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला लिहा. १९७३च्या आगीत रेकॉर्ड जळाली म्हणून लोक घाबरवतात, पण ती आर्मी आणि एअर फोर्सची होती.

अडतं ते आजार नेव्हीतल्या कामामुळे झाला असं सांगणाऱ्या डॉक्टरच्या पत्रापाशी. पहिल्या खेपेला आमचा क्लेम नामंजूर झाला, चूक आमचीच, कारण आम्ही नेलेल्या पत्रात "संबंध असू शकतो" एवढंच होतं. लागतं ते वाक्य "ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट", म्हणजे निम्मी तरी शक्यता, आणि ते का वाटतं याचं कारण. दुसऱ्यांदा फुप्फुसाच्या डॉक्टरला सासऱ्यांचं ते जेवणाच्या टेबलावरचं पुराण वाचायला दिलं, त्यांनी नीट पानभर लिहिलं, आणि वर्षाच्या आत सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज) टाकला म्हणून जुनी तारीख टिकली. सिगारेट ओढायचे, नेव्हीनंतर प्लंबिंग केलं, असं काही असेल तर लपवू नका, डॉक्टरलाच त्यावर लिहू द्या. सिगारेटने ॲस्बेस्टोसिस होत नाही.

अपंगत्वाची टक्केवारी, जिच्यावर पैसे ठरतात, ती श्वासाच्या टेस्टवर ठरते, त्यात डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं मोजमाप) झालंय ना ते बघा, पुष्कळदा नुसती फुंकर मारायची टेस्ट करून पाठवतात. डीएलसीओ अपेक्षित आकड्याच्या ५६ ते ६५ टक्के आला तर अपंगत्व ३० टक्के, ४० ते ५५ ला ६०, चाळीसच्या खाली १००. मेसोथेलिओमा असता तर सरळ १००.

ॲस्बेस्टॉस कंपन्यांच्या भरपाईसाठीच्या ट्रस्ट फंडाचं विचारलंत, ते वेगळं प्रकरण, तिथे वकील लागतो. कोर्टात सरकारवर दावा करता येत नाही पण माल बनवणाऱ्यांवर करता येतो, आणि तिथून काही मिळालं म्हणून व्हीएचं कॉम्पेन्सेशन कमी होत नाही.

आणि हे लिहायला नको वाटतंय, पण सासूबाईंचं लग्नाचं सर्टिफिकेट आत्ताच शोधून ठेवा. मध्येच काही बरंवाईट झालं तर वर्षाच्या आत अर्ज करून त्या तोच क्लेम पुढे चालवू शकतात, आणि मृत्यू याच आजाराने झाला असं ठरलं तर डीआयसी म्हणून दरमहा रक्कम मिळते. आमच्याकडे ते सर्टिफिकेट तीन आठवडे सापडेना, शेवटी गॅरेजमध्ये सासऱ्यांच्या मासेमारीच्या डब्यात निघालं, गळांच्या खाली.