जादा तास लावण्याआधी हजेरीपटावर गाव लिहा

मॅडम, बीएस्सी भाग एकची निम्मी पोरं नापास किंवा गायब, प्राचार्यांना 'संशोधनावर आधारित' उपाय हवा आणि तुमच्या मनात जादा तास, असा तुमचा प्रश्न. जरा थांबा. ही चूक मी दोन वर्षं केली आहे.

मी संध्याकाळी ४ ते ५ जादा तास घ्यायचो. यायची कोण? इथल्या कोल्हापूर शहरातली, राजारामपुरी, शाहूपुरीतली, आधीच बरे मार्क असलेली. ज्यांच्यासाठी तास लावला ती पोरं तेव्हा रंकाळा स्टँडवर एसटीची वाट बघत असायची. मग एका रविवारी हजेरीपट घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं गाव लिहिलं. पहिल्या तासाच्या गैरहजेरीच्या फुल्या गगनबावडा आणि राधानगरी रोडच्या गावांपुढंच दाटलेल्या! जुलैत रोपलावण, त्यात पंचगंगेला पूर आला की रस्ताच बंद. आणि आमची पहिली चाचणी ऑगस्टच्या सुरुवातीला. ती बुडाली की पोरगं वर्गात तोंड दाखवायला लाजतं.

न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाचा 'एसॅप' हा २००७ पासूनचा उपक्रम जरूर बघा. सरकारी मदत वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, प्रवासाचा पास आणि नेमून दिलेला, वरचेवर भेटणारा सल्लागार, हे सगळं एकत्र. तिथल्या एका अभ्यासात कुणाला योजनेत घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळं तुलनेवर भरवसा ठेवता येतो. दोन वर्षांची पदवी ३ वर्षांत मिळवणारे योजनेत ४० टक्के, बाहेर २२. प्रवासाचा पास ही काय शिक्षणाची गोष्ट? पण शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, त्यामागंही हेच होतं की खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठं.

तेवढा पैसा आपल्याकडं नाही. आम्ही वीस पोरांमागं एक शिक्षक नेमला. सलग तीन दिवस गैरहजर दिसलं की त्यानं घरी फोन करायचा. चाचणी गणपतीनंतर ढकलली, जादा तास दुपारी प्रॅक्टिकलच्या आधी आणला. गळती कमी झाली. गणितात मात्र फारसा फरक पडला नाही, खोटं कशाला सांगू.

वर्गात करायचं असेल तर एकच सांगतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणारे ५ मिनिटांनी पुढं असतात, पण आठवड्यानं आठवून लिहिणारे पुढं जातात. म्हणून मी तास सुरू होताच पाठकोऱ्या कागदावर कालचं आठवेल तेवढं लिहायला लावतो. मार्क नाहीत. मार्क ठेवले की शेजारच्या कागदात डोकावणं सुरू.

तुमच्या हजेरीपटात गावाचा रकाना नसणारच. प्रवेश अर्जावरनं उतरवून घ्या, पण आधी ऑफिसातल्या क्लार्कना चहा पाजा. अर्जांचे गठ्ठे कुठल्या कपाटात आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं.