आबांचा जुगार

चिऊ,

रविवारी फोनवर आबा म्हणाले, "सरकी टोबून झाली," म्हणजे कापूस पेरून झाला, "खेळलो यंदाचा जुगार." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आबा गॅम्बलिंग करतात? मग आपण त्यांना पैसे का पाठवतो?" मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. लागलं गं.

आमच्या परभणीच्या घरात जुगार हा शब्द हळू आवाजात निघायचा. अण्णाकाकांच्या खिशात एकदा मटक्याच्या आकड्याची चिठ्ठी सापडली, तर आबा त्यांच्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. (मटक्याचं मूळ इथे, आपल्या न्यू जर्सीच्या शेजारीच. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडता आणि बंद भाव मुंबईत कळायचा, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास ते थांबलं, मग चिठ्ठ्या मडक्यातून काढायला लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे राहिले.)

आणि तेच आबा पेरणीला जुगार म्हणतात. मी चौथीत होतो. मृग छान बरसला, पेरलं, आणि पुढे तीन आठवडे थेंब नाही. उगवलेलं सगळं करपलं. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आजीच्या पाटल्या गेल्या. भाकरी थापताना तिच्या हातांचा आवाजच बदलला होता. पाटल्यांची किणकिण नव्हती. आबा कुणावर चिडले नाहीत. "जुगारच आहे बाबा, लागला तर लागला," एवढंच म्हणाले. मला त्यात केवढा धीर वाटायचा. अजून वाटतो.

पण तू विचारल्यापासून मनात खुटखुटतंय. आकडा लावणाऱ्याला न लावायची मोकळीक असते. आबांना कुठे होती? कालव्याचं पाणी आमच्या शिवारापर्यंत कधी आलं नाही, भाव ठरवणारे भलतेच. जुगार म्हटलं की सगळं नशिबाच्या माथी जातं आणि बाकीचे सुटतात. तरी हा शब्द सोडा, असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्याच्या आधारानं ते दर वर्षी पुन्हा पेरतात. मी तर शेत सोडून इथे आलो.

पैसे मी आपणहून पाठवतो, त्यांनी कधी मागितले नाहीत. तू त्यांना जुगारी समजू नकोस, बस. येत्या रविवारी वाटलं तर विचार, "आबा, ओल किती खोल गेली?" नाही विचारलंस तरी चालेल. पण विचारलंस, तर ते कॅमेऱ्यासमोर वीत धरून दाखवतील.

तुझा,
बाबा