पाच, दहा, एकवीस, बेचाळीस : वाचकांचे धावण्याचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी घोळ बहुतेकांचा एकच आहे. एका अंतराची सवय दुसऱ्या अंतराच्या शर्यतीत नेली जाते. टेन केचा, म्हणजे दहा किलोमीटरचा, पवित्रा घेऊन फुलला, म्हणजे ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनला, उतरायचं, नाहीतर फुलचा सुस्तपणा घेऊन फाइव्ह केला. त्यामुळे अंतरांच्या प्रश्नांना आधी घेतलं आहे, बाकीचे नंतर.

प्रश्न : मी टेन के बरोबर ६० मिनिटांत पूर्ण करते. हाफ (२१ किलोमीटर) आणि फुल मॅरेथॉनला किती वेळ धरावा?

अंदाज बांधायला धावपटू-इंजिनिअर पीट रिगेल यांचं सूत्र सोपं पडतं. अंतर जितक्या पट वाढलं, त्याचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने आपल्या वेळेला गुणायचं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता साधारण २.०८५ पट होते. तुमच्या ६० मिनिटांवरून हाफ २ तास १२ मिनिटं येते आणि फुल ४ तास ३६ मिनिटं.

हाफचा आकडा विश्वासाने धरा. फक्त १६ ते १८ किलोमीटरचे तीन-चार लाँग रन, म्हणजे सरावातलं लांब, संथ धावणं, पायाखालून गेलेले हवेत. फुलचा आकडा मात्र हौशी धावपटूंच्या बाबतीत फार आशावादी निघतो. तुमचा दम किती आहे एवढंच टेन के सांगते. चार-साडेचार तास पाय टिकतील का, पोट जेल (धावताना घ्यायची साखरेची घट्ट पुडी) पचवेल का, हे तिच्यावरून कळत नाही. आठवड्याला ३०-३५ किलोमीटरच होत असतील तर त्या ४:३६ मध्ये आणखी २०-२५ मिनिटं मिळवा. ५५-६० होत असतील तर पाच-दहा पुरतील. फुलचा अंदाज काढायला टेन केपेक्षा ताजी हाफ केव्हाही बरी.

प्रश्न : फाइव्ह केमध्ये दुसऱ्या किलोमीटरलाच धाप लागते, तिसरा कसाबसा निघतो. लाँग रनला मात्र १५ किलोमीटर आरामात होतात. एवढ्याशा शर्यतीला वॉर्म-अप कशाला, असं सोबतचे म्हणतात.

सोबतच्यांचं उलटं आहे. शर्यत जितकी छोटी, तितका वॉर्म-अप मोठा. फुलमध्ये पहिले दोन किलोमीटरच वॉर्म-अप म्हणून खपून जातात. फाइव्ह केमध्ये तेवढ्यात जवळपास निम्मी शर्यत उरकलेली असते. शरीराला ऑक्सिजन वापरण्याचा वेग पूर्ण वर न्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. थंड शरीराने सुटलात की ती तूट पहिल्या किलोमीटरला साचते आणि दुसऱ्याला वसूल होते.

सुरुवातीआधी १२ ते १५ मिनिटं हलकं धावा. मग ८०-१०० मीटरचे चार ते सहा स्ट्राइड घ्या, म्हणजे हळूहळू वेग वाढवत शर्यतीच्या वेगाच्या थोडं वर जायचं आणि चालत परत यायचं. हे सगळं सुटण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी संपवा आणि उभं राहण्याच्या जागीही पाय हलते ठेवा.

दुसरं कारण पहिले ४०० मीटर. तिथे सगळेच पळत सुटतात आणि तो वेग तुमचा नसतो. २८ मिनिटं हवी असतील तर किलोमीटरला सरासरी ५:३६ (५ मिनिटं ३६ सेकंद) लागते. मग किलोमीटर असे मांडा : ५:४०, ५:३८, ५:३८, ५:३६ आणि शेवटचा ५:२८. तिसरा किलोमीटर नकोसा वाटणारच, तो सगळ्यांनाच वाटतो. त्या वेळी घड्याळाकडे न बघता पुढच्या एखाद्या पाठीवर नजर ठेवलेली बरी.

प्रश्न : हाफ संपली तेव्हा माझ्या घड्याळात २१.४ किलोमीटर होते. आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला का?

मार्ग प्रमाणित असेल तर बहुधा नाही. असा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावून मोजतात. आधी नेमक्या लांबीच्या सरळ पट्ट्यावर चाकाचे फेरे तपासून घेतात आणि मग वळणांच्या आतल्या बाजूने, कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखत, सर्वांत छोट्या रेषेने सायकल नेतात. वर मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. म्हणजे २१.०९७५ मध्ये सुमारे २१ मीटर आणि ४२.१९५ मध्ये ४२ मीटर आधीच जास्तीचे असतात.

उरलेले अंतर तुम्हीच वाढवलेलं असतं. वळणं बाहेरून घेणं, लोकांना ओलांडायला नागमोडी जाणं, पाण्याच्या टेबलासाठी रस्त्याची बाजू बदलणं. त्यात उंच इमारती आणि बोगदे घड्याळाचा सिग्नल बिघडवतात.

याचा फटका वेळेला बसतो. दोन तासांच्या आतली हाफ कागदावर ५:४१ च्या पेसने, म्हणजे दर किलोमीटरला ५:४१ या गतीने, होते. पण घड्याळ शेवटी २१.४ दाखवणार असेल तर त्याच घड्याळात तुम्हाला ५:३६ दिसायला हवेत. शेवटच्या किलोमीटरला दीड-दोन मिनिटं कमी पडल्याचं कळतं ते यामुळेच. घड्याळ आपोआप किलोमीटर मोजतं तो ऑटो लॅप बंद ठेवा, दर किलोमीटरच्या पाटीला हाताने लॅपचं बटण दाबा आणि एकूण वेळ पाटीशी ताडून बघा.

प्रश्न : पेसरच्या मागे धावावं का?

ठरलेल्या वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा धावपटू म्हणजे पेसर. त्याच्या मागे धावा, पण चिकटून नको. पाण्याच्या टेबलावर त्या घोळक्यात ढकलाढकली होते. दहा-पंधरा मीटर मागे राहा. सुरुवातीलाच विचारून घ्या की तो बंदुकीच्या वेळेवर (शर्यत सुटल्यापासूनच्या) धावतोय की चिपच्या (सुरुवातीची मॅट स्वतः ओलांडल्यापासूनच्या). पेसर चिपच्या वेळेवर असेल आणि सुरुवातीची मॅट तुम्ही त्याच्यानंतर ९० सेकंदांनी ओलांडली असेल, तर शेवटीही तेवढेच मागे राहिलात तरी चिपवर वेळ त्याच्याइतकीच येते. ते अंतर पहिल्या दोन किलोमीटरमध्येच भरून काढायला जाऊ नका.

प्रश्न : हाफची माझी सर्वोत्तम वेळ १:५५ आहे. फुलमध्ये अर्धं अंतर १:५८ ला पार केलं, छान वाटत होतं. ३१ व्या किलोमीटरपासून चालावं लागलं, पोटऱ्यांत गोळे आले आणि ४:४० लागले. दोन जेल घेतले होते, वजन ७० किलो. नेमकं काय चुकलं?

तीन गोष्टी चुकल्या आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली, पेस. १:५५ च्या हाफवरून सूत्राने फुलची वेळ जेमतेम चार तास येते आणि वर म्हटल्याप्रमाणे तीही आशावादीच. तुमच्यासाठी ४:०८ ते ४:१५ हे खरं लक्ष्य होतं. म्हणजे अर्ध्या अंतराला घड्याळात २:०४ ते २:०७ दिसायला हवे होते. तुम्ही तुमच्या सर्वोत्तम हाफपेक्षा फक्त तीन मिनिटं हळू धावलात आणि मग तेवढंच अंतर पुन्हा धावायला निघालात. दुसरा अर्धा भाग २:४२ चा झाला. आधी वाचवलेल्या सहा ते नऊ मिनिटांची परतफेड अर्ध्या तासाहून जास्त झाली. ‘छान वाटत होतं’ याला २१ व्या किलोमीटरला काही अर्थ नसतो. फुलमध्ये तिथपर्यंत कंटाळवाणं वाटलं पाहिजे. २०२३ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये केनियाच्या केल्विन किप्टमने २:००:३५ ची वेळ दिली, तेव्हा त्याचा पहिला अर्धा ६०:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा होता. त्याची गती आपल्या कामाची नाही, पण हिशेब आहे.

दुसरी, इंधन. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ७० किलोच्या माणसाला फुलसाठी जवळपास २,९५० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरलेला असला तरी २,००० च्या आसपासच असतो. उरलेलं चरबीतून येतं, पण वेग वाढवला की शरीर चरबी सोडून ग्लायकोजेनच जास्त जाळतं. म्हणून जोरात धावलेला पहिला अर्धा भाग तो साठा झपाट्याने खातो. ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान ‘भिंत’ लागते, म्हणजे एकदम त्राण संपतं, ते इथेच.

एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. तुमचे दोन जेल म्हणजे फार तर २०० कॅलरी. तासाला ४५ ग्रॅमच्या आसपास गाठायचे तर पहिला जेल ३० ते ३५ मिनिटांनी आणि पुढे दर अर्ध्या तासाला एक, असे सव्वाचार तासांत सात-आठ जेल होतात. भूक लागण्याची किंवा थकण्याची वाट बघू नका, तोवर उशीर झालेला असतो. एवढे जेल पोटाला एकदम झेपणार नाहीत. निदान सहा लाँग रनमध्ये तीच कंपनी, तीच चव, तेच अंतर ठेवून सराव करा.

जेल पाण्याच्या टेबलाच्या ५० मीटर आधी फाडा, दोन-तीन घासांत संपवा आणि वर १५०-२०० मिलिलिटर साधं पाणी प्या. वर एनर्जी ड्रिंक घेतलं की पोटात साखरेचं प्रमाण फार वाढतं. मळमळ आणि जुलाब बहुतेकदा याच जोडीने होतात. ग्लास पहिल्या टेबलावर न घेता शेवटच्यावर घ्या, तिथे गर्दी कमी असते. कागदी ग्लासची कड चिमटीत दाबून तिची चोच करा आणि त्या टोकातून छोटे घोट घ्या. नाहीतर निम्मं पाणी नाकात जातं आणि निम्मं छातीवर.

तिसरी, पायांची तयारी. गोळे आले की लोक मिठाकडे बोट दाखवतात. मीठ घाम फार जाणाऱ्यांना उपयोगी आहे, पण शर्यतीच्या शेवटी येणारे गोळे बहुतेकदा सरावापेक्षा जास्त वेगाने थकलेल्या स्नायूचे असतात. २८ ते ३२ किलोमीटरचे तीन-चार लाँग रन हवेत आणि त्यांतल्या दोनमध्ये शेवटचे ८-१० किलोमीटर फुलच्या नियोजित पेसने. सोबत आठवड्यातून दोनदा एका पायावर टाचा उचलण्याचे १५ चे तीन सेट. गोळा आलाच तर थांबा, भिंतीला किंवा खांबाला हात लावून पोटरी ३० सेकंद ताणा, दोन मिनिटं चाला आणि आधीपेक्षा छोटी पावलं टाकत पुन्हा सुरू करा.

शर्यतीआधीच्या दोन दिवसांत भात, बटाटा, ब्रेड यांचं प्रमाण वाढवा आणि तेलकट व चोथ्याचं कमी करा. आदल्या रात्री एकाच बैठकीत पोट फुटेस्तोवर जेवून हा साठा भरत नाही.

प्रश्न : प्रत्येक टेबलावर पाणी प्यायलंच पाहिजे का? आणि गुडघा दुखत असेल तर सुरुवातीआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल?

तहान लागेल तसं प्या. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरतं. आपला आकडा काढायचा तर एक तासाच्या धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. ६४.० चे ६३.२ झाले आणि मध्ये ३०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाला १.१ लिटर घाम गेला. तो सगळाच भरून काढायचा नसतो. वजनात दोन टक्क्यांची घट चालते. वजन वाढलं तर मात्र ते धोक्याचं आहे. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, उलटी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. पाच-साडेपाच तास धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते घाम कमी गाळतात आणि टेबलं जास्त वेळा गाठतात.

गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियम उतरण्याचा धोकाही वाढू शकतो. जो गुडघा गोळीशिवाय सुरुवातीच्या रेषेपर्यंत येत नाही, त्याने शर्यत सोडावी.

प्रश्न : नखं काळी पडतात, काखेत आणि मांड्यांत सोलवटतं.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा, पुढे अंगठ्याएवढी जागा. नखं चार दिवस आधी सरळ कापा. घासणाऱ्या प्रत्येक जागी पेट्रोलियम जेली. पुरुषांनी हाफपासून पुढे छातीवर टेप लावावी. सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा.

प्रश्न : फुलनंतर तीन आठवड्यांनी हाफ आहे, बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घेऊन ठेवलाय. धावू का?

पूर्ण करायला धावा, वेळ काढायला नको. चार-पाच दिवसांत दुखायचं थांबतं, पण स्नायूंची आतली झीज भरायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. पहिला आठवडा धावणं बंद, फक्त चालणं किंवा हलकी सायकल. दुसऱ्यात २० ते ४० मिनिटांचे तीन सोपे रन. तिसऱ्यात एकच तासाभराचा. हाफमध्ये आपल्या नेहमीच्या हाफ पेसपेक्षा किलोमीटरला ४०-५० सेकंद हळू राहा. पायऱ्या उतरताना मांड्या अजून बोलत असतील, किंवा हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर बिब घरीच राहू द्या.

पुढच्या वर्षी क्रम उलटा लावा : फुलच्या चार-पाच आठवडे आधी हाफ. तिच्यात फुलचेच बूट, फुलचेच मोजे, फुलचेच जेल आणि तीच सकाळची न्याहारी, शर्यतीच्या तितक्याच तास आधी. काय बदलायचं ते त्या दिवशी कळलं तर सुधारायला महिना हाताशी असतो.