ग्राहकाचा रेडिओ: राउटर की ब्रिज?

टॉवरवरून वायरलेस इंटरनेट द्यायला तू नुकतीच सुरुवात करतोयस, तर सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाचा रेडिओ (टॉवरचा सिग्नल घेणारं, घरावरचं यंत्र) राउटर मोडमध्येच ठेव, म्हणजे घरचं नेटवर्क तुझ्या नेटवर्कपासून वेगळं राहील, हे मी ठामपणे सांगेन. ब्रिजमध्ये रेडिओ नुसता पूल बनतो आणि घरातलं सगळं ब्रॉडकास्ट (सगळ्या यंत्रांना एकदम जाणारे संदेश) थेट तुझ्या टॉवरवर येतं. त्यात कुणी वायफाय राउटरची केबल वॅनऐवजी (बाहेरून येणाऱ्या नेटचा पोर्ट) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांचा) खोचली, की तो राउटर शेजारपाजारच्यांनाही आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटत सुटतो आणि 'नेट बंद'चे फोन सुरू होतात. राउटर मोडमध्ये हा गोंधळ त्या घरातच थांबतो.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- रेडिओ आणि घरचा राउटर, दोघांनाही १९२.१६८.१ चीच रेंज. एकाची बदल.
- कंपनीचा पासवर्ड तसाच. तो पहिल्याच दिवशी बदल आणि रेडिओचं लॉगिन पान फक्त तुझ्या ऑफिसच्या आयपीवरूनच उघडेल असं कर.
- डबल नॅट, म्हणजे रेडिओ आणि घरचा राउटर दोघंही आयपी पत्ते बदलतात. बहुतेकांना जाणवत नाही, पण घरचा कॅमेरा बाहेरून बघणारे तक्रार करतात. त्यांनाच ब्रिज दे, पीपीपीओई (ग्राहकाचं नेटसाठीचं लॉगिन) त्यांच्या राउटरवर टाक आणि टॉवरवर क्लायंट आयसोलेशन (ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू आहे ना, ते आधी बघ.

व्हीलॅनच्या (एकाच नेटवर्कचे आभासी भाग पाडण्याच्या) मागे आत्ता लागू नकोस. एक नीट चाललेलं कॉन्फिगरेशन सेव्ह कर, तेच सगळीकडे चढव. फक्त पीपीपीओईचं युजरनेम दर वेळी बदल. जमेल तुला, अडलास तर बिनधास्त विचार.