‘मी नसलो तर तुमचे त्रास सुटतील’ असं भाऊ म्हणतो

प्रश्न : माझा धाकटा भाऊ देवगड तालुक्यात आंब्याची बाग करतो. दोन हंगाम मोहोर गळाला, सोसायटीचं कर्ज थकलं. महिनाभर त्याला झोप नाही, माणसांत येत नाही, संध्याकाळी पितो. परवा म्हणाला, ‘मी नसलो तर तुमचे त्रास सुटतील.’ थेट विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल, अशी आईला भीती वाटते. काय करावं?

उत्तर : विचारा, आणि आजच विचारा. विचारल्यामुळे आत्महत्येचा विचार मनात शिरत नाही. तो आधीच असेल, तर निदान बोलायला वाट मिळते. तो प्यायलेला नसताना, दोघंच असताना बोला. घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीतच विचारा : ‘तुझ्या मनात जीव देवचो इचार येता काय रे?’ ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारलंत, तर ‘नाही’ हेच उत्तर येईल, कारण तुम्हाला तेच हवंय हे त्याला कळतं.

‘हो’ म्हणाला की घरची माणसं घाबरून उपदेश सुरू करतात. आईकडे बघ, पोरांचं काय, या बोलण्याने त्याला आणखी अपराधी वाटतं. ‘कधीपासून वाटतंय?’ विचारा आणि ऐका. मग विचारा, कसं आणि कधी हे ठरवलंयस का? ठरवलं असेल तर धोका आत्ताचा आहे. त्याला एकटं सोडू नका. ११२ किंवा १०८ला फोन करा, नाहीतर गाडी करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नका.

ठरवलं नसलं तरी फवारणीची औषधं आजच घरातून आणि बागेतल्या खोपीतून हलवा. शेजारच्या बागायतदाराकडे कुलपात ठेवा, किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. घरातल्या गोळ्याही दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचू शकतो. ‘ठरवलेला माणूस दुसरी वाट शोधतोच’ हा समज चुकीचा आहे. हे लपूनछपून करू नका. ‘तुझी काळजी वाटते, म्हणून थोडे दिवस हे हलवतोय,’ असं सांगून करा. दारूही घरात नको, तिने तोल लवकर जातो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. पावसात रेंज जाते, तेव्हा कुणाच्या घरून फोन लागतो हेही आधी बघून ठेवा. उपचारासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, पण डॉक्टरांकडे जाणं त्यासाठी लांबवू नका. पोलीस केसच्या धास्तीने कुटुंबं गोष्ट दडवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच सर्वसाधारणपणे गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालत नाही.

नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून मध्येच गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक. सुरुवातीच्या दिवसांत मन हलकं होण्याआधी अंगात काही करायची ताकद येऊ शकते, तेव्हा लक्ष जास्तच ठेवा. गोळ्या आठवड्यापुरत्याच घरात आणा. बराच काळ खचलेला माणूस अचानक शांत झाला किंवा वस्तू वाटू लागला, तर सुधारला असं समजू नका, पुन्हा तोच प्रश्न विचारा.

कर्जाचं बोलणं टाळू नका, पण ते त्याच्या एकट्यावर सोडू नका. जीव सुरक्षित झाला की सोसायटीत तुम्ही स्वतः जा, हप्ते नव्याने बांधून मिळतात का विचारा. रात्री सोबतीला राहायच्या पाळ्या घरात वाटून घ्या. सगळं वहिनीवर पडलं तर तीही खचेल. तुम्हाला जड झालं, तर १४४१६वर तुम्हीही बोलू शकता.