पंचगंगेतले मेलेले मासे आणि पॅरिस करार: तक्रार नेमकी कशावर करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात काळं पाणी साठलंय, मासे मरून काठाला लागलेत, आणि तुम्हाला अर्जात स्टॉकहोम, रिओ, पॅरिस असे भारताने मान्य केलेले सगळे करार घालायचेत, म्हणजे अर्जाला वजन येईल.

वजन येणार नाही, अर्ज नुसता जाड होईल. असे अर्ज मी बरेच वाचलेत. चार पानं जगाची, आणि पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या नाल्यातून आलं ही एक ओळ मात्र नाही.

आंतरराष्ट्रीय करार म्हणजे देशाने इतर देशांना दिलेला शब्द. तो कारखान्याला थेट बांधत नाही. त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो, आणि तो अधिकार राज्यघटनेच्या कलम 253 मध्ये आहे. 1972 च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेला इंदिरा गांधी स्वतः गेल्या होत्या. 1981 च्या हवा कायद्याच्या आणि 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या सुरुवातीलाच त्या परिषदेचा उल्लेख आहे. (1986 च्या कायद्यामागे भोपाळची वायुदुर्घटनाही होतीच.) 2010 च्या हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या) कायद्यात स्टॉकहोमसोबत 1992 ची रिओ परिषदही येते. म्हणजे तुमचे करार कायद्यात आधीच मुरलेत, ते वेगळे वाढायची गरज नाही. पॅरिस करार तर कर्ब उत्सर्जनाचा. नदीतल्या मळीमिश्रित पाण्याशी त्याचा संबंध नाही. रामसर करार पाणथळ जागांचा, पण महाराष्ट्रातली नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी हीच ठिकाणं त्या यादीत आहेत. आपला कोल्हापूरचा रंकाळा तलावसुद्धा नाही.

गंमत म्हणजे तुम्हाला लागणारा कायदा यातल्या कुठल्याच करारातून आलेला नाही. पाणी हा राज्याचा विषय, म्हणून 1974 चा जल प्रदूषण कायदा राज्यघटनेच्या कलम 252 खाली, राज्यांनी ठराव करून मागितल्यावर झाला. महाराष्ट्राने त्याआधीच, 1969 मध्ये, स्वतःचा कायदा केला होता आणि 1970 मध्ये आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं राहिलं होतं.

त्या 1974 च्या कायद्यातलं कलम 24 धरा: जाणूनबुजून दूषित पाणी नदीनाल्यात सोडायला मनाई. कलम 25 प्रमाणे पाणी सोडायला मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यातल्या पोटकलम 6 कडे सहसा कुणी बघत नाही. संमतीपत्रांची नोंदवही त्या पाण्याची झळ पोचणाऱ्या माणसाला बघता येते, असं ते सांगतं. तुम्ही त्या बंधाऱ्याचं पाणी पिकाला घेता, तेव्हा तो हक्क तुमचा आहे. आधी ती नोंद बघा, मग लिहायला बसा. कलम 33अ खाली मंडळ कारखाना बंद करायला, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. अर्जात मागणी हीच करा. ‘कठोर कारवाई व्हावी’ या वाक्याला फाईलमध्ये कोणी विचारत नाही.

आता बाटलीबद्दल. तुम्ही पुरावा म्हणून भरून ठेवलेलं नदीचं पाणी फेकू नका, पण त्यावर खटला उभा राहील अशी आशाही धरू नका. कलम 21 प्रमाणे नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यायचा असतो, जागेवर नोटीस देऊन; कारखान्याने मागितलं तर दोन भाग करून, सीलबंद, सह्यांसकट. ही रीत चुकली तर अहवाल पुराव्यात टिकत नाही. आणि बंधाऱ्यातला नमुना नदी घाण आहे एवढंच सांगतो. वर कोल्हापूरचं सांडपाणी, साखर कारखाने, इचलकरंजीचे कापडाचे प्रोसेस कारखाने, सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यामुळे काठाने वर चालत जा आणि पाणी जिथून नदीत पडतंय ते तोंड शोधा. तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो तिथला हवा.

घाईही करा. मासे बहुधा विषाने नाही, गुदमरून मरतात. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. माशांना लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम लागतो. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की पाणी पुढे जातं आणि दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेल्याला नदी बऱ्यापैकी दिसते. म्हणून दिसल्या दिसल्या मंडळाच्या कोल्हापूरच्या कार्यालयात फोन, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

मंडळ हललं नाही तर पुण्यातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. त्याच्या 2010 च्या कायद्यातल्या कलम 14 खाली प्रकरण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जायचं. सबळ कारण असेल तर वर साठ दिवस मिळतात. भरपाई मागायची नसेल तर शुल्क हजार रुपये. जाळं टाकून पोट भरणाऱ्यांनी मात्र कलम 15 खाली भरपाई मागावी, त्याला पाच वर्षांची मुदत आहे आणि जलचरांचं नुकसान कायद्याच्या यादीतच आहे. कलम 20 प्रमाणे ‘प्रदूषण करणाऱ्यानेच मोजावं’ हे तत्त्व न्यायाधिकरणाला लावावंच लागतं. रिओ हवंच असेल तर ते या एका ओळीत येतं.

राधानगरीकडच्या पाहुण्यांच्या शेतात गवे शिरतात, तेही याच अर्जात घालू का, असं शेवटी विचारलंय. नको. राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटात असलं, तरी 1972 चा वन्यजीव कायदा हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यांच्या यादीत नाही. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे, वेगळ्या कागदावर, आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेला ऊस तसाच ठेवायला सांगा.